जावयाची रजा

माधवगंज, ग्वाल्हेर
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

प्रिय मंजिरी,

तू आणि बाळ बरी असाल. इथे सगळं ठीक. थंडी सुरू झाली आहे.

बाळंतिणीने मोबाइल बघू नये म्हणून तुझा फोन तुझ्या आईंकडे असतो, आणि हे त्यांच्यामार्फत सांगता येण्यासारखं नाही. म्हणून पत्र.

मी कालपासून रजेवर आहे. पितृत्व रजा. अर्ज दिला तेव्हा आमचे साहेब हेमेंद्रजी म्हणाले, "आप क्या जच्चा बनकर बैठोगे?" म्हणजे बाळंतीण होऊन. सगळे हसले, मीही हसलो. शेजारच्या टेबलावरची सोनल मात्र हसली नाही. तिच्या नवऱ्याच्या कंपनीत ही रजाच नाही. तिच्या बाळंतपणात तो दुसऱ्या दिवशी कामावर हजर होता. "भाईसाहब, आप ज़रूर लेना," ती म्हणाली.

घेतली. म्हणजे काल झाशीला मी भेटायला नाही, राहायला आलो होतो. तुझ्या बाबांनी बैठकीत बसवलं, बासुंदी वाढली, बाळ बाहेर आणून दाखवलं आणि परतीच्या गाडीची वेळ सांगितली. एवढी मोठी बॅग कशाला, असंही विचारलं. मी म्हणालो, ऑफिसचं सामान आहे. का म्हणालो, कळत नाही. पहिलं बाळंतपण माहेरचं, तिथे जावयाने मुक्काम ठोकायचा नसतो, हे मलाही माहीत होतं. मग रजा कोणत्या घरासाठी मागितली होती?

आता घरी बसलो आहे. दौलतगंजात भाजीला गेलो तेही गल्लीबोळातून, ऑफिसचं कोणी दिसू नये म्हणून. रजा बाळासाठी, आणि बाळ झाशीला. ही फसवणूक झाली का? आणि उद्या मुकाट्याने कामावर गेलो, तर हेमेंद्रजींचंच खरं झालं का? दोन्ही बाजूंनी विचार करतो, दोन्ही पटतात.

पण मी आईबाबांच्या रीतीमागे लपतोय, असंही वाटतं. बाळ माझ्या हातात दिलं तेव्हा तिची मान मला नीट धरता येईना. आईंनी लगेच परत घेतलं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

निघताना आतून तुझा आवाज आला, "आई, ह्यांना राहू दे ना." आई म्हणाल्या, "जावईमाणूस, इथे काय करणार?" मी दोन्ही ऐकलं. न ऐकल्यासारखं करून बूट घातले.

काय करणार, ते मला अजूनही सांगता येत नाही. दुपटी धुता येतील. तू झोपशील तेव्हा तिला घेऊन बसता येईल, मान धरायला शिकलो तर. आई नको म्हणाल्या तर काय बोलायचं, तेही ठरलेलं नाही.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. उद्या सकाळच्या गाडीने मीच घेऊन येतो आणि बैठकीत न थांबता, आतल्या खोलीत येऊन तुझ्या हातात देतो.

तुझा, आणि तिचाही,
सुश्रुत