थंड पाण्याची कळ

४ जानेवारी

ती. स्व. दादास,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे मजेत, मी सोडून. फोनवर बोलताना वहिनी तुझ्या शेजारी असते, म्हणून लिहिते आहे. दीड महिना झाला, थंड पाण्याचा घोट घेतला की दातांतून कळ निघते ती थेट कानापर्यंत. शिवायला बसल्यावर तोंडानं श्वास घेतला तरी जीव जातो. यांना सांगितलं नाही. लगेच उचलून दवाखान्यात नेतील. आणि दवाखाना म्हटलं की मला आपल्या आबांचा शेवटचा चेहरा दिसतो. त्यांचंही तोंडातूनच सुरू झालं होतं ना? फार भीती वाटते, दादा. तू कारखान्यात रोज पेस्ट बनवतोस. अशा दातांच्या पेस्टमध्ये काय असतं ते सांग आणि एखादी ट्यूब पाठव. हसू नकोस.

तुझ्या उत्तराच्या वाटेवर डोळे लावून,
ठकू

१२ जानेवारी

चि. ठकूस, अनेक आशीर्वाद.

हसलो नाही. दोन ट्यूब पाठवल्या आहेत. एकीत पोटॅशियम नायट्रेट आहे, ते दाताच्या नसेला शांत करतं. दुसरीतलं स्टॅनस फ्लोराइड दातावरची बारीक छिद्रं बुजवतं, मग गारठा आत शिरत नाही. दोन्हींना काही आठवडे लागतात, जादू नाही ती. दात पांढरे करणारी खरखरीत पेस्ट वापरत असशील तर फेकून दे. आणि भांडी घासल्यासारखा ब्रश चालवू नकोस, तुझी खोड मला ठाऊक आहे.

पण पेस्टनं कळ थांबेल, कारण कळणार नाही. तेव्हा डॉक्टरांना दाखवच. आबांचं दुखणं दाताचं नव्हतं. गालाच्या आत पांढरा चट्टा होता. पुसून न जाणारा, बोटाला काचकागदासारखा खरखरीत लागणारा. दुखत नव्हता, म्हणून तर त्यांनी वर्ष घालवलं. उगाच धास्ती घेऊ नकोस.

लोभ आहेच, तो वाढव.
दादा

२ फेब्रुवारी

ती. स्व. दादास, सा. न.

जाऊन आले. खुर्चीत बसले तरी यांचा हात सोडला नाही. हिरड्या खाली सरकल्यात, दातांना खाचा पडल्यात. धागा कशानं तोडता, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. दातानं, म्हटलं. त्यांनी कपाळाला हात लावला. पेस्टचा गुण मात्र येतोय.

मग आबांचं सांगितलं, तसे त्यांनी गाल, जीभ सगळं तपासलं. काही नाही. मी तिथंच रडले. घरी येऊन तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि चट्ट्याच्या ओळीवर अडकले. दादा, आबांनी तर कुणाला तोंडाला हात लावू दिला नव्हता. तो चट्टा बोटाला कसा लागतो, हे तुला कसं माहीत?

माझ्या गळ्याची शपथ, खरं लिही.
ठकू

९ फेब्रुवारी

चि. ठकूस, आशीर्वाद.

सहा महिन्यांपासून माझ्या डाव्या गालात तसाच चट्टा आहे. रोज सकाळी बोट घालून पाहतो. पेस्टला फेस आणणाऱ्या द्रव्यानं काहींच्या तोंडाची कातडी सोलवटते, म्हणून बिनफेसाची पेस्ट घेतली आणि स्वतःची समजूत घातली. चट्टा गेला नाही. तुला दोन पानं उपदेश केला आणि स्वतः मात्र दवाखान्याच्या दारातून तीनदा परत फिरलो. तुझ्या वहिनीला माहीत नाही. सोमवारची वेळ घेतली आहे. एकट्यानं पायरी चढवणार नाही. येशील?

दादा

१० मार्च

चि. ठकूस, अनेक आशीर्वाद.

तू आलीस म्हणून आत गेलो. अहवाल आला. कॅन्सर नाही, पण त्या वाटेला लागलेलं होतं. परवा चट्टा पूर्ण काढला. आता दर तीन महिन्यांनी दाखवायचं. परत उगवू शकतो, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. भीती गेलेली नाही; सकाळी ब्रश हातात घेतला की हात थांबतो.

त्या सोमवारी तुला गाडीत बसवून घरी गेलो आणि वहिनीला सांगून टाकलं. ती आधी खूप भांडली. आता रोज सकाळी मला खिडकीपाशी उभं करते, टॉर्च लावते आणि म्हणते, “आ करा.” ती दुसऱ्या हातानं माझा खांदा धरून ठेवते. मी आ करतो.

तुझ्या दातांची खबर कळवत जा, माया अशीच राहू दे.
तुझा दादा