गांधीनगरचे एकसारखे चौक

रविवार, संध्याकाळ. बडोदे.

दुपारी गांधीनगरहून परत आलो. मुलाचं नवं घर एकदाचं बघून झालं. काय ते रस्ते! सरळ, रुंद, ओळीत लावलेली झाडं, आणि प्रत्येक चौक हुबेहूब मागच्या चौकासारखा. विचारायला म्हणून रस्त्यावर माणूस नाही.

काल सकाळी हे दही आणायला गेले ते लवकर आलेच नाहीत. मुलगा स्कूटर घेऊन शोधायला निघाला, तर हे भलत्याच सेक्टरमध्ये दह्याची पिशवी धरून उभे. सून म्हणाली, "आई, इथे सगळेच चुकतात हो. चौक सारखे आहेत ना." केवढं बरं वाटलं मला. परतीच्या वाटेवर मी त्या चौकांनाच नावं ठेवत होते. मेलं कसलं ते आखलेलं शहर!

रावपुऱ्यात उतरलो आणि जीव भांड्यात पडला. इथे हे डोळे मिटूनही चालतील. सगळा जन्म इथेच गेला. म्हणून तर मघाशी दूध आणायला एकटे गेले तेव्हा मी काही बोलले नाही. तिकडे चौक सारखे होते, म्हणून चुकले. दुसरं काय असणार?

आत्ता यांना शेजारचे जिग्नेशभाई हाताला धरून घरी घेऊन आले. आपल्याच गल्लीच्या तोंडाशी उभे होते म्हणे. मला बाजूला घेऊन जिग्नेशभाई हळूच म्हणाले, "काकी, काका मने पूछता हता, आ कयुं सेक्टर छे?"

हे कुठलं सेक्टर म्हणे! मी हसले. म्हटलं, "आजच आलो ना तिकडून, अजून तेच डोक्यात आहे त्यांच्या."

जिग्नेशभाई हसले नाहीत.