पॉइंट फाइव्हचा हॉल

३ नोव्हेंबर, सोमवार
रोजनिशी दिवाळीपासून उद्यावर ढकलतोय. आधी पेन नव्हतं, मग मूड. मधे एकाची गाडी द्यायला चाकणला गेलो, तर किल्ल्यावरच बसून राहिलो. असो. आजपासून रोज लिहिणार. शिस्त म्हणजे शिस्त.

५ नोव्हेंबर
काल राहिलं.
धनेशदादाचं जमत आलंय. मुलगी वर्षाली, बीडची. तिचे वडील उद्धवराव म्हणाले, घर बघायला एवढ्या लांब कशाला यायचं, फोटो पाठवा. दादा फर्स्ट शिफ्टला, म्हणजे जबाबदारी माझ्यावर. आमचा चऱ्होलीतला हॉल असा, की सोफ्यावरच्या माणसाने पाय आवरले तरच दार उघडतं. दादा शिफ्टवरून आल्यावर त्याला भिंतीपाशी उभं केलं, आईला कडेला. मोबाईल कोपऱ्यात चिकटवला, कॅमेरा पॉइंट फाइव्हवर, म्हणजे एकदम वाइडवर टाकला. आहाहा! समोरची भिंत पार आळंदीला गेली. नजर असावी लागते राव. बारावी राहिली ती यासाठीच असणार.

६ नोव्हेंबर
आईने फोटो बघितला. म्हणाली, "मुडद्या, माझं डोकं कलिंगडासारखं आडवं कधी झालं?" वाइडमध्ये कडेचं सगळं ताणलं जातं, टेक्निकल आहे, असं समजावलं. तर म्हणे, "मग तूच राहायचंस की कडेला. जरा अंगानं भरला असतास." कलाकाराला घरात किंमत नाही. फोटो पाठवून दिला.

८ नोव्हेंबर
उद्धवरावांना घर पसंत! एकच शंका: नवरदेव उंचीला कमी आहेत का? खरंच, त्या भिंतीपाशी दादा देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाएवढा दिसतोय. मी म्हटलं, काका, हॉलच मोठा आहे ना. काय सुचलं! दिवसभर स्वतःवर खूश.

१० नोव्हेंबर
घात झाला. उद्धवराव म्हणतायत, एवढा हॉल असताना साखरपुड्याला कार्यालय कशाला? घरीच उरकू. त्यांची दीडशे माणसं. दादा मला म्हणाला, "खरं काय ते तूच सांग त्यांना. आणि लग्न मोडलं, तर तुझी गादी पार्किंगमध्ये." उद्या फोन करतो.

१२ नोव्हेंबर
फोन करणारच होतो. पण कासारवाडीच्या रविराजकडे ट्रायपॉड आहे असं कळलं, तिकडे गेलो. त्याचा जिना उतरताना आयडिया सुचली, परत वर जाऊन त्याला सांगितली: विधी गच्चीवर, पंगत पार्किंगमध्ये, हॉल फक्त ग्रुप फोटोपुरता. पॉइंट फाइव्हमध्ये दीडशे माणसं आरामात बसतात. रविराज म्हणाला, "भावा, फोटोत बसतील रे. बुडं कुठं टेकवणार?" अशा निगेटिव्ह लोकांपासून लांब राहायचं ठरवलंय. ट्रायपॉड तिथेच विसरलो.

१४ नोव्हेंबर, सकाळी
आज फोन नक्की. त्याआधी सोफा गच्चीवर नेला, भिंतीला मोठा आरसा लावला. हॉल डबल! आता कदाचित फोन करायची गरजही पडणार नाही.

१४ नोव्हेंबर, थोड्या वेळाने
बेल वाजली. वाटलं, पाण्याचा जार आला. दारात वर्षाली वहिनी! एकट्याच. म्हणाल्या, तळवड्याला इंटरव्ह्यू होता, म्हटलं जाताजाता घर बघू. दादा कंपनीत, आई भाजीला गेलेली. पाणी आणतो सांगून किचनमध्ये आलोय, ओट्यावर हे लिहितोय. त्या हॉलच्या मधोमध उभ्या आहेत आणि दुसऱ्यांदा विचारतायत, "भाऊजी, हॉल कुठं आहे?"