बावीस वर्षांची बरोबरी

१ फेब्रुवारी
पुण्यात कुस्ती-पंचाची तोंडी परीक्षा. परीक्षकांचा प्रश्न साधा होता : दोन्ही खांदे मातीला टेकले असं कधी धरायचं? मी मातीच्या इतिहासापासून सुरुवात केली. चौथ्या मिनिटाला त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.
"तुम्ही यात्रेच्या मैदानात माईकवर बोलणारे ना?"
"अठरा वर्षं."
"तरीच. पंचाला डोळा लागतो, शिट्टी लागते, हात लागतो. तोंड घरी ठेवून यायचं. जमेल?"
आयुष्यात पहिल्यांदा एका शब्दात उत्तर दिलं. जमेल.
परतीच्या एस.टी.त शिक्रापूरपर्यंत शेजाऱ्याशीसुद्धा बोललो नाही. सराव.

१० फेब्रुवारी
पास! सत्तेचाळिसाव्या वर्षी. पैलवान झालो, शाळेत पी.टी.चा मास्तर झालो, पोरापोरींचा वस्ताद झालो, निवेदक झालो. आता पंच.
मंगलने हातावर साखर ठेवली. "आपल्या लग्नात भंतेजींपेक्षा जास्त बोललेला माणूस तुम्ही. शिट्टीवर कसं भागायचं?"
बैठकीत फोटोसमोर उभा राहिलो. फोटो बावीस वर्षांपूर्वीचा. गावच्या यात्रेची शेवटची कुस्ती. मधे आप्पा, तेव्हा नुकतेच सरपंच झालेले. त्यांनी एका हातात माझा हात वर धरलाय, दुसऱ्या हातात दौंडच्या बशीरचा. खाली पाटी : 'बरोबरीत सोडवली'. शेजारी खुंटीला चांदीची गदा.
पंच झालो, मग या वहीत तरी खरं लिहायला हवं. उद्या.

११ फेब्रुवारी
लिहितो.
बशीरने घिस्सा मारला, मागून गुडघ्याने रेटून उलथवायचा डाव. मी पूल बांधला, म्हणजे डोकं आणि टाचा मातीत रोवून पाठ वर धरली. जिवाच्या करारावर. पूल मोडला. दोन्ही खांदे टेकले. पाठीला माती गार लागली, आजही लागते. पंचाने पाहिलं आणि शिट्टी तोंडात धरून तसाच उभा राहिला. तोवर गावची माणसं हौद्यात उतरली होती. "सोडवा! सोडवा! बरोबरी!"
बशीर माझ्या अंगावरून उठला. कानात म्हणाला, "चल, ऊठ. तुझं गाव हाय."
मग आप्पांनी हात वर केले, आणि गावाने मला खांद्यावर घेतलं. आमच्या वस्तीतला पोरगा वरच्या आळीच्या खांद्यावरून वेशीपर्यंत. आई समाजमंदिराच्या पायरीवर उभी राहून बघत होती. तिच्या डोळ्यांतलं ते बघितल्यावर तोंड कसं उघडणार होतो?
तेव्हा गप्प बसलो. पुढे बोलायला लागलो तेव्हा हीच 'ऐतिहासिक बरोबरी' शेकडो वेळा माईकवर सांगितली. स्वाभिमानावर तासतास व्याख्यानं देतो. पुस्तकांनी भिंत भरलीय. एवढं एक वाक्य जमलं नाही.

८ मार्च
यात्रा कमिटी घरी. आप्पा, सोबत तिघे. आप्पा स्वतः जुने पैलवान, आता तीस वर्षं मैदान तेच भरवतात. पंचक्रोशीत त्यांच्यासारखी जोड लावणारा नाही, दोन पैलवान नुसते चालताना बघून कुस्ती ठरवतात.
"सर, यंदा शेवटची कुस्ती पोरींची. आपली आरती आन् दौंडची मुस्कान, बशीर वस्तादाची पोरगी. तुमी माईकवर."
"माईकवर न्हाई आप्पा. शिट्टीवर."
चहाच्या कपबश्या तेवढ्या वाजल्या.
"मग बोलायचं कुणी?"
"नवा पोरगा आणा. मी बोललो तेवढं पुरे."
हो म्हणाले. घरचाच पंच, असा हिशेब असावा. दारात चप्पल घालता घालता आप्पा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरींची हाय. लई ताणायची न्हाई. आपली अडकली तर बरोबरीत सोडवून टाकू. दोघी खूश."
आणि मी काय म्हणालो? काही नाही. मैदानं गाजवणारी जीभ, टाळूला चिकटून बसली.

१५ मार्च
न्हावऱ्यामार्गे दौंड. आरतीला पहिला डाव मी शिकवला, तेव्हा ती चौथीत होती. आता ती दुसऱ्या तालमीत असली तरी समोरच्या वस्तादाची हरकत विचारणं भाग होतं.
बशीरभाईंनी गुडघ्यांपायी रेल्वेतून लवकरच निवृत्ती घेतलीय. क्वार्टर्सच्या मागे पत्र्याची तालीम, आत सोळा पोरी. माणूस गुडघे धरून उठतो, पण माती स्वतः उकरतो. मला बघितल्यावर खोरं भिंतीला लावलं.
"या वक्ते. माईक आणला न्हाई?"
म्हटलं, आरती माझ्या हाताखाली शिकलीय. हरकत असेल तर लेखी द्या, मी बाजूला होतो.
"हरकत? मला तुमीच पायजे. दुसरा पंच सोडवंल. सोडवल्यावर कसं वाटतं ते तुमाला ठावं हाय." मग खोऱ्याकडे बघत, "मला कसं वाटलं ते तुमी कवा इचारलं न्हाई."
विचारलं नाही, हे खरं. आजही विचारता आलं नाही.
निघताना हाक मारली. "आन् वक्ते, गदा सहा म्हैने तुमच्याकडं, सहा म्हैने माझ्याकडं ठरली हुती. तुमचे सहा म्हैने संपले का वो?"
सोळाच्या सोळा पोरी फिदीफिदी हसल्या. मी पण हसलो. स्टँडवर येईपर्यंत कानाच्या पाळ्या तापलेल्या होत्या.

२२ मार्च
कमिटीची बैठक, देवळाच्या पारावर. मागच्या वेळी चिकटलेली जीभ आज सुटली.
मी म्हणालो, पत्रिकेत एक शब्द वाढवा : निकाली. एकीची पाठ टेकेपर्यंत कुस्ती चालेल. कुणी मधे येणार नाही.
एकजण म्हणाला, "पोरींच्या कुस्तीला कशाला एवढं? दोघींचा हात वर करायचा, शाल द्यायची."
मग मात्र उठलो. पोरगी पहाटे चारला उठून दोर चढते ती तुमच्या शालीसाठी? जिंकण्याचा हक्क द्यायचा नसेल तर मैदानात बोलावता कशाला? आणि हरण्याचा हक्क? तोही माणसाचाच आहे! ज्याला हरू दिलं जात नाही त्याला बरोबरीचा मानलेलं नसतं, त्याला सांभाळलेलं असतं. बरोबरी वर धरलेल्या हातांत नसते आप्पा, निकालात असते!
बोलता बोलता कळलं, हे मी कुणाबद्दल बोलतोय.
मागे उभ्या असलेल्या बाया आधी टाळ्या वाजवू लागल्या. आप्पा मिशीवर बोट फिरवत राहिले. "घाला शब्द," म्हणाले.
जिंकलो. एक शब्द जिंकलो!

२८ मार्च
कारेगावहून फ्लेक्स छापून आला. वेशीवर दहा फुटी. 'शेवटची मानाची निराळी कुस्ती'. निकालीचं निराळी.
मी कपाळाला हात लावला. आप्पा खाली उभे राहून खो-खो हसत होते. "ऱ्हाऊ द्या सर. निराळीच हाय की!"

३ एप्रिल
यात्रा.
मैदान गच्च. झाडांवर माणसं, ट्रॅक्टरांवर माणसं, गच्च्यांवर बाया. इतक्या बाया मी या मैदानाला कधी पाहिल्या नव्हत्या. हलगी कडाडली. दोघींनी माती कपाळाला लावली, एकमेकींच्या हातावर टाकली. शिट्टी दिली.
पहिली पाच मिनिटं आरतीची. ताकद तिची. मुस्कान नुसती सरकत होती, पाण्यासारखी. आठव्या मिनिटाला आरतीने पट काढायला, म्हणजे पाय ओढायला, घाई केली आणि मुस्कान तिच्या पाठीवर. घिस्सा! बापाचाच. तीच लय, तोच गुडघा.
आरतीने पूल बांधला.
मी मातीवर आडवा झालो, गाल जमिनीला लावून. खांदा आणि माती यांच्यामध्ये दोन बोटं उजेड. मग एक बोट. कडेने धप्प धप्प आवाज, माणसं हौद्यात उतरली. "सोडवा! बरोबरी! सोडवा!" आप्पांचा आवाज सगळ्यांत वर. माईकवरचा नवा पोरगा सुरू झाला : "दोन वाघिणी, एक माती, कोण थोर अन् कोण सरस, काळसुद्धा इथं निकाल देऊ शकत नाही..."
माझं वाक्य. शब्द न् शब्द माझं. माझ्याकडून ऐकून पाठ केलेलं.
मान न वळवता डावा हात मागे केला, पंजा उघडा. थांबा. बोललो काहीच नाही. पावलं थांबली. का थांबली, मला सांगता येणार नाही.
उजेड मिटला. दोन्ही खांदे. शिट्टी. हात मातीवर आपटला.
उठून मुस्कानचा हात वर केला. एकटीचा.
एकदम कल्ला. आप्पा समोर, तोंड लाल. "कुठं टेकली? म्या बघत हुतो. कुठं टेकली?"
पंच बोलत नाही.
आरती बसल्या जागेवरून उठली. डोळ्यांत पाणी, केसांत माती. "आप्पा, टेकली. माझी पाठ हाय. मला कळंल न्हाई व्हय?"
एकोणीस वर्षांची पोरगी. मला बावीस वर्षांत न जमलेलं वाक्य तिने श्वास घेता घेता टाकलं.
आधी गच्चीवरच्या बाया ओरडल्या. मग सगळं मैदान. फेटे हवेत, टोप्या हवेत! हलगीवाल्याला कुणी सांगावं लागलं नाही. गावाने दौंडच्या पोरीला खांद्यावर घेतलं, आणि तिने वाकून आरतीला वर ओढलं. बशीरभाई हौद्याच्या कडेला उभे. माझ्याकडे बघून त्यांनी फक्त मान हलवली, अर्धा इंच. इतकं मोठं भाषण आजवर ऐकलं नाही.

५ एप्रिल
सकाळपासून फोन. इनामगावहून, वढूहून, दौंडहून. तीन यात्रांनी पंच म्हणून बोलावलंय, आणि तिघांनाही शेवटची कुस्ती पोरींचीच हवीय. निकाली.
आप्पांचा फोन नाही.
फोटो उतरवला. भिंतीवर मागे पांढरा चौकोन. मंगल म्हणाली, "खिळा पण काढू?"
"राहू दे. लागेल."
"कशाला?"
मी फोटो कपाटावर पालथा ठेवला.

१४ एप्रिल
गावच्या जयंतीचा मुख्य वक्ता मीच. निळे झेंडे, पुढच्या रांगेत पोरी, आरतीसुद्धा. आप्पा आले, शेवटच्या खुर्चीत बसले. यात्रेनंतर पहिल्यांदाच दिसले.
पंचवीस मिनिटं बोललो. शिक्षण, स्वाभिमान, सगळं नेहमीचं. मग कागद खाली ठेवला. म्हणालो, बावीस वर्षं तुम्हाला एक खोटी कुस्ती सांगत आलो. ती बरोबरीत सुटली नव्हती. माझी पाठ टेकली होती. मी हरलो होतो. गावाच्या खांद्यावर बसायला मिळालं म्हणून गप्प राहिलो.
कागदाची घडी करून खिशात घातली.
मग आमच्या वस्तीतले आबा, ऐंशीच्या घरातले, काठी टेकवत म्हणाले, "ते ठावं हाय मास्तर. समद्यांनी बघितलं हुतं. तुमी फुडचं बोला."
मंडप फुटला हसून. मी पण. हसता हसता चष्मा काढून पुसावा लागला.
खाली उतरलो तर आप्पा उभे. "सोडवली कुणी? म्या. मग एकट्यानं कशाला माफी मागता?" आणि न थांबता गेले. रागावले की आणखी काही, कळलं नाही.

१५ एप्रिल
बशीरभाईंना फोन. म्हटलं, रविवारी गदा घेऊन येतो. तुमची आहे.
"अशी न्हाई घ्यायची."
"म्हणजे?"
"भाषणात हरलेल्याची गदा मी कशाला घिऊ? मातीत हरा. रविवारी सकाळी सात. माती उकरून, तेल-ताक घालून ठेवतो."
"बशीरभाई, तुमचे गुडघे..."
"तुमची जीभ सोडली तर तुमचं तरी काय धड हाय?"
मंगल बाजूला उभी राहून ऐकत होती. डोक्याला हात लावला, पण हसत होती.

१८ एप्रिल
अंगणात पूल बांधून पाहिला. सात मोजेपर्यंत टिकला. दुसऱ्यांदा नऊ.
लंगोट ट्रंकेच्या तळाशी सापडला, मंगलने धुऊन वाळत घातला. शेजारीण विचारून गेली. गदा पोत्यात गुंडाळली. एस.टी.त मांडीवर घेईन.
दुपारी आप्पांचा फोन, बरोबर पंधरा दिवसांनी. "न्हावऱ्यावरनं जाणार ना? मी फाट्यावर त्याच एस.टी.त चढतो. ती कुस्ती मला शेवटपर्यंत बघायची हाय."
पंच मुस्कान. तिचा फोन आताच येऊन गेला. "सर, दोघांचं वय बघता किती मिनिटं धरू? अब्बा म्हणतात तुम्हाला विचार."
म्हटलं, निकाल लागेपर्यंत.
"आन् दोघं बी दमून पडलात तर?"
"तरी सोडवायची नाही."