सदतीस शाली आणि एक ब्लूज

१३ जानेवारी २०२५, सोमवार
आजपासून पहाटे पाचला उठून गिटारचा रियाज. उठलो साडेसातला, पण निश्चय पाचलाच झाला होता. डोळे तेवढे मिटलेले होते.

निर्णय पक्का. गावात ब्लूजचा जाहीर कार्यक्रम करायचा. अकोले तालुक्यात पहिलाच. ब्लूज म्हणजे तिकडच्या, अमेरिकेतल्या, कष्टकऱ्यांचं दुःखाचं गाणं. त्याला स्वतःचं दुःख लागतं. माझ्याकडे आहे. बावीस वर्षं हायस्कुलात क्लार्क आहे आणि अख्खं गाव मला कलाकार न म्हणता ‘भाऊसाहेब’ म्हणतं.

हेतूही ठरला: सर्वांसाठी आरोग्य. गरीब असो, श्रीमंत असो, कार्ड असो वा नसो, प्रत्येकाला फुकट उपचार. वर्गणीतून आरोग्य केंद्राला बीपीचं चांगलं मशीन द्यायचं. केंद्रात चौदा महिने डॉक्टर नाही. जयमाला (पत्नी, तिथेच सिस्टर) एकटी सगळं ओढते. त्यामुळे माझ्या चहाला उशीर होतो. दुःख इथूनही येतं.

१९ जानेवारी, रविवार
बँडचं नाव ‘प्रवरा डेल्टा’, कारण ब्लूज जन्मला मिसिसिपी नदीच्या डेल्टात. भूगोलाचे हर्षल सर म्हणाले, प्रवरेला डेल्टा नाही, ती गोदावरीला मिळते. मी म्हटलं, होईल.

ड्रमवर बजरंग. बेंजो पार्टीत वाजवतो. त्याला मंद, दुखरा ताल समजावून सांगितला. त्याने मान डोलावली आणि वाजवला. शेजारून विचारणा आली की वरात कुणाची.

गाणं मात्र जमलं. ब्लूजमध्ये पहिली ओळ दोनदा म्हणतात आणि तिसरीत काळजाला हात घालतात. दोन झाल्या:
सकाळी उठलो, दवाखान्यात डॉक्टर नव्हता,
सकाळी उठलो, दवाखान्यात डॉक्टर नव्हता.
तिसरी उद्या.

आशा सेविका भीमाबाई जयमालाकडे गोळ्यांची यादी द्यायला आल्या होत्या. त्यांना ऐकवलं. म्हणाल्या, “एकदा म्हनलेलं कळलं की वो भाऊसाहेब. दुसऱ्यांदा म्हनून डॉक्टर येतोय व्हय?” ग्रामीण भागात श्रोता घडवावा लागतो.

२४ जानेवारी, शुक्रवार
सरपंच आप्पासाहेबांनी बाजारतळाची परवानगी दिली. ब्लूज त्यांना मनापासून पटला. फक्त म्हणाले, सत्कार किती? मी म्हटलं, सत्कार नाही, फक्त संगीत. त्यांनी माझ्याकडे काळजीने बघितलं. सत्कार नसेल तर माणूस घरातून निघेल कशाला, असं त्यांचं म्हणणं. पाच शालींवर तडजोड केली. कला आणि समाज यांत थोडं द्यावं-घ्यावं लागतं.

पहाटेचा रियाज सोमवारपासून.

२ फेब्रुवारी, रविवार
शाली चौदा. सोसायटीच्या चेअरमनला दिली की व्हाइस चेअरमनला द्यावी लागते, त्यांना दिली की माजी चेअरमनला. माजी चार आहेत. सगळे हयात.

तिसरी ओळ उद्या नक्की.

८ फेब्रुवारी, शनिवार
शाली एकोणतीस.

जयमालाने जेवताना बातमी दिली. केंद्राला डॉक्टरची ऑर्डर निघाली आहे, डॉ. एस. आर. काळे. पंधरा तारखेला, नेमक्या कार्यक्रमाच्याच संध्याकाळी, जागा बघायला येणार. पटलं तर हजर होणार, नाहीतर संगमनेरकडची ऑर्डर करून घेणार. त्यांना दोन शब्द गोड बोला, केंद्रात आणून सोडा, हे तिने मला दोनदा सांगितलं. आणखीही बरंच काही सांगत होती, पण मी तेव्हा पाचवी तार लावत होतो.

मनात लगेच चित्र उभं राहिलं. पांढरी गाडी, सफारी, कानशिलावर पांढरे केस. पहिल्या रांगेत मधली खुर्ची त्यांची. शाल सगळ्यात भारी. माझं गाणं ऐकून हा माणूस गाव सोडणार नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार
शाली सदतीस. बीपीचं मशीन पुढच्या वर्षी.

फ्लेक्स छापून आला. सदतीस फोटो. गिटार मावत नव्हती म्हणून काढली. माझा फोटो आहे, खाली उजवीकडे, मांडवाच्या बांबूमागे येईल असा. गर्दी आवरायला पास ठेवलेत. पाससाठी आधार आणि रेशनकार्डाची झेरॉक्स. जयमालाने विचारलं, सर्वांसाठी आरोग्य आणि गाण्याला झेरॉक्स? तिला आयोजनातलं कळत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार
५.०० – कार्यक्रमाची वेळ.

६.१० – कार्यक्रम सुरू. जयमाला आली नाही, ठाकरवाडीची एक बाई बाळंतपणाला आली आहे म्हणे. कलाकाराच्या आयुष्यातल्या मोठ्या दिवशी घरचं माणूस नसतंच.

६.२५ – तबक धरायला नववीच्या मुली येणार होत्या, आल्या नाहीत. शेवटच्या एसटीतून उतरलेली एक मुलगी पाठीला सॅक लावून मांडवाच्या कडेला उभी होती. मला काहीतरी विचारत होती. तिला म्हटलं, बेटा, आधी हे तबक धर, मग बोलू. धरलं. चांगल्या घरची असावी.

६.५५ – सत्कार क्रमांक नऊ. खिशात मोबाईल थरथरतोय. जयमाला. शुभेच्छा असणार. उचलला नाही.

७.१० – माइकवरून डॉक्टर काळे साहेबांना तिसऱ्यांदा आवाहन. खुर्ची रिकामीच. मी नाव पुकारलं की तबकवाली मुलगी दर वेळी पुढे होऊन बोलायला बघते. स्टेजची शिस्त आजकाल शिकवतच नाहीत. डोळ्यांनीच गप्प केलं. मोबाईल पुन्हा.

७.२० – अनर्थ. भीमाबाई पळत आल्या, स्टेजखालून त्या मुलीशी काही बोलल्या. मुलीने भरलं तबक माझ्या हातात दिलं, सॅक उचलली आणि वरची शाल घेऊन त्यांच्याबरोबर पळाली. सगळ्यात भारी शाल. सत्कार क्रमांक तेवीस कोरड्या नारळावर करावा लागला.

७.५० – सदतीस पूर्ण. घसा बसलाय. आता दोनच मनोगतं, मग मी.

८.०० – साउंडवाल्याने वायरी गुंडाळायला घेतल्या. त्याला नऊ वाजता राजूरला हळद आहे. बजरंगही त्याच हळदीला. मी गिटारवर हात टाकला तेव्हा खुर्च्या उचलत होते.

८.४० – डॉक्टर आलेच नाहीत. एवढ्या माणसांना ताटकळत ठेवलं. डॉक्टरच असे, मग देशाचं आरोग्य सुधारणार कसं?

१६ फेब्रुवारी, रविवार
जयमाला सकाळी नऊला घरी आली. चप्पलही न काढता बोलली.

ठाकरवाडीच्या ज्योतीला बाळ झालं, मुलगी. गळ्याभोवती नाळ होती. बाहेर आली तेव्हा निळी पडलेली, रडेना. डॉक्टरांनी तोंड साफ केलं, पाठ चोळली, हाताने दाबायच्या रबरी पिशवीने श्वास दिला. तीन मिनिटांनी रडली. केंद्रात धड कापड नव्हतं, म्हणून शालीत गुंडाळली. जयमाला म्हणाली, मी एकटी असते तर हे लेकरू गेलं असतं.

मी म्हटलं, म्हणजे डॉक्टर काळे आले होते?

ती म्हणाली, आल्या होत्या. डॉक्टर सुकन्या काळे. काल तासभर त्यांनी माझं तबक धरलं होतं.

जयमाला ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू बोलली. “अहो, मी अकरा फोन केले. मॅडम बाजारतळावरच असतील, एवढंच सांगायचं होतं. शेवटी भीमाबाईला पळवलं. गाणं म्हणा, माझं काही म्हणणं नाही. पण फोन उचलत जा.”

लाज वाटली. चहा मीच केला. तिने तो घेतला नाही, बसल्या जागी झोपली.

डॉक्टर राहणार का, विचारलं नाही. तोंडच नव्हतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार
शांतपणे विचार केला. कार्यक्रम नसता तर डॉक्टर बाजारतळावर थांबल्या नसत्या. शाल नसती तर बाळ गारठलं असतं. म्हणजे आरोग्याचं उद्दिष्ट साध्य झालं, आणि तेही एक सूर न लावता. असं तिकडच्या मोठमोठ्या कलाकारांनाही जमलं नसेल.

झालेल्या चुकीची भरपाई म्हणून डॉक्टरांचा जाहीर सत्कार करावा म्हणतो. जयमाला म्हणाली, त्यांचं राहायचं अजून ठरलेलं नाही, निदान तोपर्यंत त्यांच्या नजरेसमोर येऊ नका. उद्यापासून पाचला रियाज. घसा सुटला की.

२० फेब्रुवारी, गुरुवार
घसा सुटला नाही. चार दिवस आवाज नाही. सदतीस नावं पदांसकट वाचल्याचा परिणाम. आज नाइलाजाने केंद्रात गेलो.

दारापासून वडापर्यंत रांग. डॉक्टर काळे परवाच हजर झाल्या. केसपेपर फुकट. कार्ड नाही, झेरॉक्स नाही. रांगेत सव्वा तास उभा राहिलो. तिथे कुणाला आधी आत घेत नाहीत, क्लार्कलाही नाही.

त्यांनी मला ओळखलं. हसल्या, बसा म्हणाल्या. मी खरखरत्या आवाजात विचारलं, आमच्या ब्लूजच्या कार्यक्रमामुळे राहायचं ठरवलंत का? त्या खरोखर गोंधळल्या. म्हणाल्या, “गाण्याचा कार्यक्रम होता तो? मला सत्कारसमारंभ वाटला.” मग म्हणाल्या की जयमाला सिस्टरांनी त्या रात्री जसं काम केलं, तसं माणूस बरोबर असेल तर कुठेही राहता येतं.

टॉर्च लावला. आ म्हणा, म्हणाल्या.

मी डोळे मिटले. चौदा महिने, बावीस वर्षं, सदतीस शाली, सगळं आत गोळा केलं आणि खालच्या सुरातून वर नेत, लांबवत, ‘आ’ लावला. त्यांनी मान तिरकी करून शेवटपर्यंत ऐकला. उभ्या आयुष्यात माझा सूर इतक्या लक्षपूर्वक कुणी ऐकला नव्हता.

दारात भीमाबाई उभ्या होत्या, त्यांच्यामागे अख्खी रांग. सगळे माना लांब करून आत बघत होते. भीमाबाईंच्या डोळ्यांत चक्क कळवळा होता. जवळ आल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला.

“लई दुखतंय का वो, भाऊसाहेब?”