कस्तुराबाईला द्यायचा लोखंडी आकडा

मी, सगुणाबाई सिताराम जोगदंड, वय एकसष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार पूर्णा, जिल्हा परभणी. माझी बुद्धी शाबूत आहे. कोणाच्या दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे.

१. राहते घर व पोस्टातली शिल्लक भाची केशर हिला द्यावी. तिने मला आजवर सांभाळले.

२. भाऊ सूर्यभान याला काही देऊ नये. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली असूनही तुरुंगातून सुटलेल्या कैद्याशी लग्न केले, म्हणून त्याने संबंध तोडले. चोराच्या घरातले त्याला चालणार नाही.

३. यजमानांनी निजामाच्या काळात घरफोडीची शिक्षा भोगली. पुढे फौजदारच त्यांना घरी बोलवायला येत. फोडलेली भिंत पाहून चोर नवखा की सराईत, घरचा की बाहेरचा, हे ते सांगत. कड्या उघडायचा त्यांचा वीतभर लोखंडी आकडा माझ्याकडे आहे. तो ताडकळसच्या कस्तुराबाईला मुळीच देऊ नये.

कारण लिहिते. ही विधवा, सधन बाई. दर दोन-चार महिन्यांनी तिची नथ नाहीतर पाटल्या हरवत आणि यांना बोलावणे येई. हे हसत परत येत. "या खेपेला लोणच्याच्या बरणीत!"

"ती स्वतःच लपवते, कळत नाही का तुम्हाला?"

"कळतंय की. बोलावल्यावर जावंच लागतंय."

एकदा मीही माझ्या कुड्या लपवल्या आणि हरवल्याचे सांगितले. "पिठाच्या डब्यात बघ," म्हणाले. खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत.

हे गेले तेव्हा ती भेटायला आली. म्हणाली, "बाई, त्यांचा आकडा मला द्या. आठवण ऱ्हाईल."

मी म्हटले, "तुम्ही इतकं हरवता, हाही हरवाल."

"न्हाई वं बाई. आता हरवलं तर शोधायला कोन हाय?"

आकडा मी दिला नाही. त्याला तीन वर्षे झाली.

४. कलम तीनमधील मनाई रद्द करते. आकडा मी याच घरात लपवला आहे. कस्तुराबाईने यावे, शोधावा, सापडला की न्यावा. जागा केशरला ठाऊक आहे. तिने ती बसल्या जागेवरून सांगू नये. उठावे, आणि तिच्याबरोबर घरभर शोधावे.

सही: सगुणाबाई जोगदंड

आमच्यासमक्ष सही केली:
बन्सीधर रामराव कदम
धुरपताबाई किशनराव भालेराव

पूर्णा, ता. १४ नोव्हेंबर १९७६