नववं प्रकरण

प्रिय अंबुजाअक्का,

तुझ्यावरच्या माझ्या कादंबरीचं नववं प्रकरण वाचून काल फोनवर तू हसत विचारलंस, "सकू, मी गं कधी नवऱ्याला सोडून एग्मोर स्टेशनवर गेले?"

मी म्हटलं, "कादंबरी आहे अक्का. एवढ्या मोठ्या नटीच्या मनात काय चालत असेल, ते मी कल्पनेनं लिहिलंय."

"मग त्या कल्पनेतल्या पिशवीत तुझं कॉन्व्हेंटचं निळं प्रार्थनेचं पुस्तक कसं?"

कुकरची शिट्टी झाली म्हणून मी फोन ठेवला. शिट्टी झाली नव्हती. स्टेशनवर मी गेले होते. तंजावरची गाडी समोरून निघून गेली आणि मी भाजी घेऊन घरी परतले. यांना आजवर ठाऊक नाही.

परवा यांनी ते प्रकरण वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बिचारी अंबुजा. एवढं नाव, आणि घरात बोलायला कोणी नाही." मी त्यांच्या हाती कॉफी दिली.

सोमवारी पुस्तक छपाईला जातंय. तू नको म्हणालीस तर प्रकरण काढावं लागेल. यांनी कारण विचारलं तर मला खोटं सुचणार नाही.

वीस वर्षं डबिंगच्या खोलीत पडद्यावरचे तुझे ओठ पाहून मी बोलले, आणि लोकांनी तो आवाज तुझाच मानला. आता माझी ही एक दुपार तुझ्या नावावर राहू दे.

पत्रं कुरियरला हेच नेऊन देतात, म्हणून हे पत्र न पाठवता त्या निळ्या पुस्तकात ठेवते. संध्याकाळी फोन करीन. काही विचारू नकोस अक्का, नुसतं 'असू दे' म्हण.

तुझाच आवाज,
सकवार